उंदरांची खाणावळ

साठी उलटलेली बाई भल्या सकाळी पोटावर आडवी पडून जमिनीतल्या भोकात बॅटरीचा झोत मारताना दिसली, तर कुणीही अँब्युलन्स बोलावेल. सिंगापुरातल्या आमच्या हौगांगच्या ब्लॉकखाली मात्र कुणी वळूनही बघायचं नाही. "इट्स ओन्ली रॅट आंटी लाह," म्हणत पोरं शाळेच्या बसकडे पळायची. ही रॅट आंटी म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. उठल्या की गाऊनची माती झटकत मला म्हणायच्या, "उंदीर आहे गं मेला आत. ताजी माती काढलीय."

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. ब्लॉकमागची सामायिक बाग काकूंच्या यजमानांनी सुरू केली होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे अळू, रताळी, गवती चहा लावला आणि एक दिवस अचानक ते गेले. मुलगा पुण्याला बोलवत होता, पण काकू हटल्या नाहीत. "ह्यांनी लावलेला गवती चहा कुणाच्या भरवशावर टाकून येऊ?" एवढंच त्याला ऐकवायच्या.

आणि त्याच बागेत उंदीर शिरले. वरून वेल हिरवागार, खाली रताळं पोखरलेलं. ब्लॉकच्या कमिटीचे अंकल येऊन सांगून गेले, महिन्याभरात उंदीर गेले नाहीत तर बाग उखडून सिमेंट ओतणार. गरीब स्वभावाचा माणूस, पण काकूंनी त्याला असा फैलावर घेतला की विचारू नका! "सिमेंट? माझ्या अंगावर ओता आधी! आणि तुमच्या कचऱ्याच्या खोलीचं दार सताड उघडं असतं, ते कोण बघणार?" इंग्रजी अर्धं, मराठी अर्धं; अंकलना सगळं कळलं.

विष घालायला काकूंचा साफ नकार. "एक मेला की त्याच बिळात दुसरा बिऱ्हाड थाटतो. त्यांची खाणावळ कुठे चालते ते शोधा. खाणावळ बंद झाली की भाडेकरू आपसूक जातात," हे त्या येता-जाता प्रत्येकाला ऐकवायच्या. संध्याकाळी प्रत्येक बिळात वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. सकाळी ज्याचा बोळा बाहेर ढकललेला दिसेल ते राहतं बीळ. पण रताळी नुसती तोंडी लावायला; ही मंडळी पोटभर जेवतात कुठे, ते काही कळेना. मग काकूंनी दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी काढली आणि बिळांसमोर, वाफ्यांच्या कडेनं, कचऱ्याच्या खोलीपर्यंत चाळणीनं पसरली. "येऊ देत आता. पावलं खोटं बोलत नाहीत."

सकाळी त्यांनी अंकलना मुद्दाम बोलावलं, पुरावा तोंडावर फेकायला. मीही ऑफिसची बॅग घेऊन उभी. कचऱ्याच्या खोलीकडची रांगोळी जशीच्या तशी होती. चिमुकली पावलं सगळ्या बिळांतून निघून एकाच जागी गेली होती, गवती चहाच्या बुंध्याशी. तिथे काकू रोज सकाळी न चुकता यजमानांच्या नावानं कावळ्याला दहीभाताचा घास ठेवायच्या; कावळ्यानं टाकलेली शितं रात्री उंदरांची.

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, आता रडतील. मी अंकलना खुणेनं जा म्हणणार, तोच काकू ताठ उभ्या राहिल्या. "अंकल, सॉरी. तुमचं दार नाही. खाणावळ माझीच. बट गार्डन विल स्टे!"

त्या दिवसापासून घास बंद. आमच्या मराठी मंडळातल्या बायका कुजबुजल्या, "नेम मोडला हो!" काकू भडकल्याच. "उंदरांच्या पंगतीला बसवत होते मी त्यांना! त्यांचा घास आता मी खाते. मी चार घास जास्त खाल्लेले त्यांना कायम आवडायचे." मग त्यांनी गवती चहा बुंध्यापर्यंत छाटला, बिळं खणून माती ठोकून बसवली, रताळ्यांच्या वाफ्याखाली बारीक जाळी अंथरली. जाळीचे तुकडे अंकलनी कापून दिले. महिना संपताना एकही नवं बीळ दिसलं नाही, आणि सिमेंटही आलं नाही.

पुढे काही वर्षांनी काकू गेल्या, त्याच घरात, अगदी हट्टानं. जायच्या आधी मला दम भरला होता, "माझ्या नावानं बागेत काही ठेवलंस तर याद राख."

वर्षश्राद्धाला मंडळातल्या बायका पुन्हा म्हणाल्याच, निदान एक घास तरी ठेव. नाही ठेवला, जा! वाटीभर दहीभात घेऊन मी गवती चहापाशी गेले आणि उभ्या उभ्या खायला लागले. डोळे वाहत होते, वाहू दिले. पाणी घालायला आलेले अंकल थांबले. "फॉर हर?" मी मान डोलावली. त्यांनी पाइप बाजूला ठेवला आणि हात पुढे केला. "गिव्ह मी सम, लाह."

मी त्यांच्या हातावर घास ठेवला. खाताना एक शीत गवतात पडलं. अंकलनी वाकून ते शोधलं, उचललं आणि तोंडात टाकलं.