घाटावरचा आडोसा

ओली लुगडी बदलणाऱ्या बायकांकडे पाठ करून एक माणूस आज घाटावर उभा होता, पण त्याच्या फोनचा डोळा त्यांच्यावर होता. मी हटकलं तर म्हणाला, "काका, घाट सगळ्यांचा आहे. कायदा दाखवा."

जागा कुणाची हे कायद्यानं विचारू नये, बाईनं आडोसा धरला होता का ते विचारावं. पण हे बोलायला मला तोंड नाही. गावातला एकमेव फोटो स्टुडिओ माझा होता. एक प्रतिष्ठित गृहस्थ याच घाटावरचे रोल धुवायला आणत. लाल उजेडात, रसायनात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर आधी आडोशाचं लुगडं उगवे, मग त्यामागचं उघडं अंग. मी मुकाट प्रिंट काढून देई. एकदा शेजारच्या सुमनवहिनी उमटल्या. कागदातून त्या थेट माझ्याकडेच बघत होत्या.

पुढच्याच आठवड्यात त्या ओळखपत्राच्या फोटोला आल्या. "भावजी, पदर नीट आहे ना?"

"नीट आहे, वहिनी."

वहिनी आता नाहीत. आज घाटावरून थेट त्यांच्या लेकीकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"आईला ठाऊक होतं, काका. तो फोटो गावभर फिरला होता. म्हणून तर तिनं पदराचं तुम्हाला विचारलं."