लाल उजेडाखाली

वडलांना पार्किन्सन्स झाला आणि माझी झोप उडाली. लाल उजेडाच्या उपचारावर संशोधन चालू आहे, असं मोबाइलवर वाचलं न वाचलं तोच मी तसला दिवा मागवला. डॉक्टर म्हणाले, "अजून काही सिद्ध झालेलं नाही, धीर धरा." धीर! तो माझ्याकडे कधी होता? जालन्याच्या स्टील मिलमध्ये तापलेली सळई चिमट्यात बिनचूक पकडणारे ते हात आता कपातला चहा सांडत होते. रोज संध्याकाळी त्यांच्या डोक्याशी दिवा धरून मी बोटांकडेच टक लावून बसायचो. "पडला का फरक?"

एकदा वडलांनी थरथरता हात माझ्या गुडघ्यावर दाबून धरला. "आधी तुझ्या ह्या पायाला दाखव तो उजेड. कव्हाचा हालून राह्यलाय."