चेटकिणीचा संकल्प

शेंदूरजनाघाटची संत्री सोलली की सालीच्या वासासरशी मी अमरावतीला मैत्रीण केतकीच्या बैठकीच्या खोलीत पोचतो.

एकेक पात्र होऊन फासे टाकत खेळायच्या आमच्या साहसखेळात केतकीची चेटकीण मेली होती. मेला तो बाद, हा नियम माझाच! मग तिला उठवायचा विधीही मीच आठवडाभर खपून रचला: हळदीचं रिंगण, मधे निरांजन, ज्योतीवर पिळायला संत्र्याची साल. तेवढ्यात तिचे बाबा सत्यनारायण सांगून परतले. आता बोलणी बसणार, म्हणून मी विधीची वही लपवली.

"काय करून राहिले रे?"

"काका, मेलेल्या चेटकिणीले उठवून राहिलो."

काका रिंगणाशी वाकले. "अन् संकल्प कुठाय? कोण, काहून, हे बोलल्याबिगर विधी होते काय?"

केतकीनं ओंजळीत पाणी घेतलं. "मी केतकी. मले अजून खेळाचं आहे."

साल पिळली, ठिणग्या तडतडल्या, वीस बाजूंचा फासा घरंगळला. वीस! चेटकीण उठली, आम्ही किंचाळलो.

आज असे खेळ रचणं हेच माझं काम आहे, आणि प्रत्येक विधीची पहिली ओळ काकांची असते. तेव्हा मात्र मी बोलणी टळली म्हणूनच खूश होतो.

आरडाओरडा थांबल्यावर काकांनी हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी कोणाले उठवाचं?"