विहीणबाईंची कालवं

आमच्या विहीणबाई सुमनबाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण त्यांचे हात पाहिले की आयुष्यभर वखर धरलेले माझे हात कापसाच्या वातीसारखे वाटतात. रत्नागिरीकडे खाडीच्या काठाला त्यांचं घर. ओहोटी लागली की आखूड कोयती घेऊन खडकावर जायचं, खडकाला चिकटलेली शिंपल्यांतली कालवं फोडायची, आणि डोक्यावरच्या टोपलीतून विकायची. चाळीस वर्षं हे केलं आणि एकुलत्या मुलीला नर्स केलं. ती दीपमाला आमची सून.

मी सातवी पास. भूगोलाच्या पुस्तकात समुद्र निळा होता, एवढंच मला ठाऊक. त्यात जेवण असतं असं गुरुजींनी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आठ वर्षांपूर्वी, त्यांच्या वाडीतल्या विहारात लग्न लागल्यावर, बाईंनी लेकीबरोबर कालवांचं ओलं पोतं बांधून दिलं, तेव्हा मी आत डोकावलो आणि वऱ्हाड्यांसमोर म्हणालो, "आमच्या सोनगीरला दगड पुष्कळ आहेत. किल्लाभर आहेत." सगळे हसले. मला वाटलं, काय झकास बोललो मी! पोतं तिथेच राहिलं. आणि आठ वर्षांत बाई आमच्या घरी आल्या नाहीत.

यंदा थंडीत आल्या, दोन दिवसांसाठी. दोन गाड्या बदलून. हातात तसंच ओलं पोतं.

दीपमालाने मला ओसरीवर गाठलं. हळूच म्हणाली, "आबा, ह्या वेळीही पोतं परत गेलं, तर आई पुन्हा नाही यायची."

मी लगेच जाहीर केलं की कालवं मीच साफ करणार आणि मीच करणार. माझ्या बायकोने, पार्वताबाईने, चुलीपुढूनच सांगितलं, "तोंड तुम्हनं शे, आते तुम्हीच निस्तरा."

बाईंनी शिकवलं. काथ्याने घासून चिखल काढायचा. गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं नाही, खाऱ्या पाण्यातला जीव तो. एखाद्याचं तोंड उघडं असेल तर टकटक करायचं. मिटलं तर जिवंत, ठोकूनही मिटत नसेल तर टाकून द्यायचं.

"आमना घरमा बी असं एक शे," पार्वताबाई म्हणाली. बाई पदराआड हसल्या. मला जरा धीर आला.

बाई अंघोळीला गेल्या, आणि मी बिघडलो. वास्तविक थांबायचं होतं. पण भरताची वांगी भाजण्यात पंचक्रोशीत माझं नाव आहे. शेतातल्या पार्टीला लोक मला बोलावून नेतात. म्हटलं, ह्या शिंपल्याचं ते काय? वांग्याला लावतो तसं प्रत्येकाला तेल चोळलं. मग वांग्याला मारतो तसे टोचे मारायला विळा घेतला. कालवाला काही झालं नाही, माझा अंगठा तेवढा फाटला. चिंधी बांधली आणि कपाशीच्या काड्या पेटवून सगळी कालवं जाळावर ओतली. वांगं चहूबाजूंनी भाजायचं असतं, म्हणून काडीने उलटीपालटी करत बसलो. त्यांनी तोंडं उघडली तसं आतलं पाणी जाळावर सांडलं. फस्स झालं, धूर झाला, एक कपची उडून माझ्या धोतरावर बसली, आणि जाळ विझला.

बाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. मी तेलकट हात, चिंधीचा अंगठा, पुढे विझलेली राख. आता पोतं जाणार, बाईही जाणार, असंच मला वाटलं.

त्यांनी खाली बसून एक कालव उचललं. बोटाला तेल लागलं. वास घेतला. विचारलं, "तेल कुणी लावलं?"

"मीच. वांग्याला लावतो तसं."

बाई कितीतरी वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाळावर आम्हीही भाजतो. पण खोलगट बाजू खाली ठेवायची, आणि मग हात लावायचा नाही. त्यातलं पाणी हाच तर रस्सा." आणि स्वतः काड्या मोडून पुन्हा जाळ केला.

निम्मी कालवं मी वाया घालवली होती. उरलेली त्यांनी नीट मांडली. पहिलं उघडलं ते सोबत आणलेल्या कोयतीच्या टोकाने सोडवून, पाण्यासकट माझ्यापुढे धरलं. दीपमाला माझ्याकडेच बघत होती. डोळे मिटून मी ते तोंडात टाकलं.

खरं सांगतो, भरताइतकं नाही. पण त्याच्या फार मागेही नाही.

"मीठ कुणी घातलं?" मी विचारलं.

"समुद्रानं," बाई म्हणाल्या.

"विहीणबाई, लग्नात मी जे बोललो ते..."

"खा आधी," त्या म्हणाल्या, आणि दुसरं धरलं. दीपमालाने त्या दिवशी अकरा खाल्ली.

दोन दिवसांच्या बोलीवर आलेल्या बाई नऊ दिवस राहिल्या. जाताना कोयती आमच्याच फडताळात ठेवून गेल्या, म्हणाल्या, दर वेळी कशाला वागवायची. पार्वताबाईने ती लगेच दुसरीकडे हलवली. कुठे, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून.