सारवलेला गोठा

शकू ही गडब गावाजवळच्या एका वाडीची पशुसखी. गाय अडली, शेळीचं पोट फुगलं की आधी हाक तिला, डॉक्टरांना मागाहून. तोंडाने फटकळ, पण न कळवता कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे तिला चोरी वाटायची. सगळा घोळ झाला तो या चांगल्या सवयीनेच.

त्या थंडीत वाडीतल्या वासरांना हगवण लागली. आतड्यातले विषाणू शोधणारी माणसं तपासणीला यायची ठरली. वासरांचं शेण, गोठ्याची जमीन, पाण्याची डोण, सगळ्याचे नमुने ती घेणार होती. "गोठा आहे तसाच राहू दे," असं त्यांनी शकूला बजावलं होतं. शकूने मान हलवली आणि संध्याकाळी घरोघर सांगत सुटली, "उद्या पावने येतायत गो, घरात रावा." एवढंच. गोठ्याला हात लावू नका, हे सांगायचं राहूनच गेलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या बायका काय करतात, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच!

शेजारच्या मालूकाकीने पहाटेच कंबर कसली. डोण घासली, जमीन खरवडली, वर गुळगुळीत सारवण. हगवण लागलेलं वासरू धुऊनपुसून त्याच्या आईसोबत मागच्या परसात बांधलं. गोठ्यात राहिली फक्त तांबू. काकीच्या नवऱ्याने वारण्याआधी हाताने वाढवलेली गाय, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले.

माणसं आली, ओल्या सारवणावर कापसाची काडी फिरवली, तांबूचं शेण डबीत घेतलं. शकूच्या सगळं ध्यानात आलं. परसात वासरू आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण चारचौघांत काकीचं तोंड पडेल म्हणून ही फटकळ बाई नेमकी तेव्हाच गप्प बसली.

काकीच्या गोठ्यात काही सापडलं नाही, असा निरोप आला. परसातलं वासरूही सावरलं होतं. मग तांबूला दुसरीकडे बांधायचं कारणच उरलं नाही. ती त्याच कोपऱ्यात व्याली. कपाळावर पांढरा टिळा असलेली पाडी झाली. काकी तिला बघून हसायची आणि लगेच डोळे पुसायची. आठवडाभरातच पाडीला हगवण लागली. शकू मीठसाखरेचं पाणी पाजत तिच्याजवळ बसून राहिली, डॉक्टरही आले, पण पाडी गेली.

पुन्हा तपासणी झाली. या खेपेला शकूने कुणालाच कळवलं नाही. गोठ्यात शेण वाळून पडलं होतं, डोणीला शेवाळ धरलं होतं. गव्हाणीखालच्या भेगेतून नमुना घेतला, आणि विषाणू तिथेच सापडला.

ते सांगायला शकू काकीकडे गेली. उभ्या उभ्याच म्हणाली, "काकी, त्या दिशी मी बोलाया पायजे व्हतं. तुझी पाडी वाचली असती."

काकीने चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "कशी बोलशील गो? पावन्यांसमोर माझी लाज राखलीस तू."

तिने शिव्या घातल्या असत्या तर शकूला बरं वाटलं असतं. काकीने चहा गाळला आणि त्यात हात सैल सोडून दूध ओतलं.

"तांबू अजून पान्हा सोडती," ती म्हणाली. "प्यायला कोन हाय आता? घे."