एक तंतू की दोन

माझी पीएचडीची तोंडी परीक्षा बेंबळी गावातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर झाली. आईचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून विद्यापीठानं ऑनलाइन परीक्षेला परवानगी दिली होती. सुरुवात खोलीतच केली. पण मध्येच लाईट गेली, वायफाय बंद पडलं आणि माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या मोबाईलला रेंज फक्त वरच होती. लॅपटॉपवर ऊन नको म्हणून अण्णा चादर धरून उभे राहिले.

तारे थंड वायूच्या ढगांत जन्मतात. त्या ढगांत वायूचे लांबच लांब तंतू असतात आणि तंतूंत जिथं वायू दाटतो, तिथं तारा घडतो. अशाच एका तंतूतून वायू वाहत जाऊन टोकाच्या दाट गाभ्याला मिळतो, असा मी वायूच्या बदलत्या वेगावरून निष्कर्ष काढला होता. प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्यावरच उभं.

बाहेरच्या परीक्षक बाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"वायूचा वेग बदलतो, मान्य. पण तो एकाच तंतूत बदलतो कशावरून? एकामागं एक दोन तंतू असले तर?"

मी आलेखाची फाईल उघडली. "मॅडम, मधल्या भागाचा वर्णपट पुन्हा काढून दाखवू?"

"दाखवा."

या वेळी शेजारच्या बिंदूंची सरासरी न घेता प्रोग्रॅमला तो काढायला लावला. प्रोग्रॅम रेंगाळला. बॅटरीचं चिन्ह लाल झालं. मग आलेख उमटला. एका शिखराच्या जागी दोन शिखरं, स्वच्छ वेगळी, म्हणजे वायूचे दोन वेगळे वेग.

"मग तुमचा प्रवाह?" बाईंनी विचारलं.

"तो निष्कर्ष मागं घेते," मी म्हणाले. "तंतू दोन आहेत. पण गाभ्यापाशी दोन्हींचा वेग एकच होतोय. ते तिथं मिळत असावेत."

"असावेत म्हणून चालणार नाही. सिद्ध करा."

निर्णयासाठी त्यांनी मला मीटिंगमधून बाहेर काढलं. पडदा काळा.

"काय म्हनल्या बाई?" अण्णांनी हळूच विचारलं.

"चुकलं म्हणाल्या."

"समदंच?"

तेवढ्यात पडदा उजळला. पास, पण ते प्रकरण पुन्हा लिहायचं. अण्णा चादर न सोडताच मटकन खाली बसले.

पुढं काही महिन्यांनी नव्या निरीक्षणांत दोन्ही तंतू गाभ्यापाशी खरोखर मिळताना दिसले. बाईंनी दुरुस्त प्रकरणावर एकच शेरा लिहिला: आता पटलं.