नाहीकाकांचे चार शब्द

नाहीकाका आधी ‘नाही’ म्हणायचे आणि मग समोरच्याचं म्हणणं ऐकायचे. कचेरीतल्या हिंदी मंडळींनी त्यांचं ‘नहीं काका’ केलं होतं, आम्हा दोन-चार मराठी माणसांत ते नाहीकाका झाले. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं.

आमच्या जबलपूरच्या त्या सरकारी कचेरीत दोन मजल्यांवरची सगळी टेबलं एकाच मोठ्या संगणकावर काम करायची. काका त्याचे चालक. यंत्र बंद करणं, दुसऱ्याचं चालू काम थांबवणं, छपाईची रांग पुसणं, एखाद्याला बाहेर काढणं, या चालकाच्या चार आज्ञा. काका त्यांना ‘चार शब्द’ म्हणत. एके काळी ते कुणालाही वापरता येत होते. पण शेवटी निघणाऱ्यानं पंखे, दिवे, कूलर बंद करून जायचं, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. एका संध्याकाळी खालचे बडे बाबू त्याच सवयीनं पंख्याबरोबर यंत्रही बंद करून घरी गेले. वरच्या मजल्यावर पेन्शनची मंडळी अजून कामात होती. त्यांची दिवसभराची मेहनत पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी ते चार शब्द सगळ्यांच्या नावावरून काढून घेतले आणि फक्त स्वतःकडे ठेवले.

साहेबांनाही ते मिळाले नाहीत. साहेब भडकले तेव्हा काका हात जोडून म्हणाले, “साहब, पूरा दफ्तर आपका है. ये चार शब्द मेरे पास रहने दीजिए.” रागवावं की हसावं हे साहेबांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी चहा मागवला.

माणूस खडूस मात्र नव्हता. यंत्रावर एखाद्याचं काम अडकून बाकीच्यांचा खोळंबा झाला, तरी काका ते बसल्या जागी कधी थांबवायचे नाहीत. उठून त्या टेबलापाशी जायचे. गुडघे कुरकुर करायचे, तरी जिना चढायचे. “फोन करा ना काका,” त्यांच्या हाताखाली काम शिकणारी मी वैतागून म्हणायची. “काम थांबवायचं तं तोंड पाहून थांबवावं, पोरी. फोनवर माणूस नुसतं हो म्हणून टाकते.” वर पेन्शनच्या दीदी चहा पाजल्याशिवाय सोडत नसत, त्यामुळे चुटकीसरशी होणाऱ्या कामाला दुपार लागे. मला तेव्हा तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

त्यांच्यानंतर चालक मीच, हे ठरलेलं होतं. त्यांनी मला सगळं शिकवलं, चार शब्द तेवढे दिले नाहीत. “एका यंत्राले दोन चालक नाही चालत. एक थांबवते, दुसरा चालू करते. देणाऱ्यानं आधी आपला हात रिकामा करावा, मग द्यावं.” त्या चार शब्दांची किल्ली आपल्या कचेरीतच राहावी, कुणाला बाहेरच्यापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्यांना निवृत्तीची काळजी होती.

निरोपसमारंभाला शाल, नारळ, समोसे आणि खव्याची जिलेबी होती. भाषणं झाल्यावर काकांनी मला शेजारी बसवलं. सगळे भोवती गोळा झाले. काकांनी आपल्या तत्त्वाप्रमाणे आधी स्वतःचं नाव चालकांतून काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी माझं नाव घातलं. पडद्यावर आलं की, तुम्हाला हा अधिकार नाही. टाळ्या चालूच होत्या. काकांनी पुन्हा घातलं. पुन्हा तेच. त्यांच्या खांद्यावरून शाल घसरली, ती त्यांना कळलीसुद्धा नाही. “पोरी,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मी उलटं करून बसलो.” ज्या घरातून बाहेर पडायचं त्याची किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं होतं. ओरडायला तरी कुणावर ओरडणार?

मुख्यालयातून माणूस आला, त्यानं कुलूप उघडलं आणि किल्ली सोबत घेऊन गेला. तेव्हापासून चारही शब्द तिकडेच आहेत. इथं मी नावाची चालक. काही अडकलं की तक्रार नोंदवते आणि वाट बघत बसते. तिकडे बसून ते शब्द वापरणारा माणूस मी कधी पाहिलेला नाही. काकांचा मात्र अधूनमधून फोन येई. “मिळाले का गं?” “मिळतील, काका.” मग ते फोन ठेवत. मला रडू यायचं.

परवा काका हयातीचा दाखला द्यायला आले. वाळले होते. मी त्यांची माहिती भरून पाठवली, तर ती पुढे सरकेना. वरच्या मजल्यावरचं एक मोठं काम वाटेत अडकून पडलं होतं. काका पडद्याकडे बघत होते. “कोणाचं आहे?” त्यांनी विचारलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत कठडा धरून जिना चढूनही गेले. परत आले तेव्हा धाप लागली होती. “दीदी म्हणते, थांबव. उद्या पुन्हा चालवीन म्हणते. चल, थांबव.”

“मला नाही थांबवता येत, काका.”

ते खुर्ची ओढून बसले. ‘पुढचं काम थांबवा,’ अशी तक्रार मी नोंदवली; पुढचं म्हणजे काकांची वाट अडवून बसलेलं वरचं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. दीदींनी पाठवलेला चहा गार झाला. अखेर तिकडच्या माणसानं काम थांबवलं, पण वरचं नाही, ‘पुढचं’ म्हणून त्याच्या नंतरचं. काकांचं. पडद्यावरून त्यांचं नाव गेलं.

“विचारायला तं पाहिजे होतं त्यानं,” काका हळू आवाजात म्हणाले. “मी तं इथंच बसून राहिलो ना.”